पॅक्ड स्ट्रक्ट की मेमकॉपी? फर्मवेअरमध्ये फ्लोट वाचायचा कसा

सीरियल लाइनवरून ७ बाइट्सचं पॅकेट येतं: १ बाइट आयडी, ४ बाइट फ्लोट, २ बाइट सीआरसी (चूक पकडणारा तपासणी-आकडा). फ्लोट ऑफसेट १ वर सुरू होतो, म्हणजे चारच्या पटीत बसत नाही (‘अलाइन’ नाही). तो बाहेर काढण्याचे तीन मार्ग सर्रास दिसतात: बफरचा पत्ता फ्लोट-पॉइंटरमध्ये कास्ट करणं, पॅक्ड स्ट्रक्ट (सदस्यांमध्ये रिकामे बाइट्स न सोडणारा) आणि मेमकॉपी (बाइट्स जसेच्या तसे उचलणारं फंक्शन).

कास्ट आधीच बाद करा. तो बराच काळ चालतो, आणि तीच त्याची खरी अडचण आहे. एआरएमच्या कॉर्टेक्स-एम३ आणि एम४ प्रोसेसरवर साधी एलडीआर (मेमरीतून एक वर्ड, म्हणजे ४ बाइट्स, वाचणारी) सूचना अलाइन नसलेला पत्ता चालवून घेते, त्यामुळे पूर्णांक वाचताना काहीच बिघडत नाही. त्याच जागी फ्लोट आला आणि एफपीयू (फ्लोटचं गणित करणारा भाग) चालू असला की कंपायलर व्हीएलडीआर ही फ्लोट वाचणारी सूचना काढतो. तिला चारच्या पटीतलाच पत्ता लागतो, नाहीतर फॉल्ट ठरलेला. एलडीएम आणि एलडीआरडी या एकाहून अधिक वर्ड वाचणाऱ्या सूचनांचंही तसंच. डीबग बिल्डमध्ये नीट चालणारा कोड रिलीज बिल्डमध्ये कोसळतो, तेव्हा अनेकदा दोन शेजारच्या एलडीआर जोडून एलडीआरडी झालेली असते. एम० आणि एम०+ वर तर अलाइन नसलेला कोणताही हाफवर्ड (२ बाइट्स) किंवा वर्ड वाचला की हार्डफॉल्टच. शिवाय स्ट्रिक्ट अलायसिंगचा नियम (एका प्रकारचा डेटा दुसऱ्याच प्रकारच्या पॉइंटरने वाचू नये) मोडतो तो वेगळाच.

पॅक्ड स्ट्रक्ट

याची मोठी जमेची बाजू म्हणजे पॅकेटचा नकाशा कोडमध्येच दिसतो. हेच तीन सदस्य साध्या स्ट्रक्टमध्ये १२ बाइट्स घेतात (आयडीनंतर ३ आणि शेवटी २ बाइट्स पॅडिंग, म्हणजे रिकामी जागा), पॅक्डमध्ये ७. सदस्य नावाने वाचलात तर कंपायलर सुरक्षित सूचनाच काढतो. घोटाळा होतो तो सदस्याचा पत्ता एखाद्या फंक्शनला दिल्यावर: पलीकडे तो साधा फ्लोट-पॉइंटर असतो आणि आपण पुन्हा कास्टच्याच खड्ड्यात. जीसीसी कंपायलरच्या ९ व्या आवृत्तीपासून यावर इशारा मिळतो, तो बंद करू नका.

दुसरा दोष शोधायला फार अवघड. हेडरमध्ये प्रॅग्मा पॅक पुश (इथून पुढचे स्ट्रक्ट पॅक करा) लिहिलं आणि पॉप (पूर्ववत करा) राहिलं, तर त्याच्यानंतर आलेले सगळे हेडर पॅक होतात. मग एकच स्ट्रक्ट एका फाइलमध्ये १२ बाइट्सचा, दुसरीत ७ चा. कुठेही फॉल्ट येत नाही, फक्त आकडे चुकतात.

रिअल-टाइम कामात आणखी एक गोष्ट नडते. अलाइन नसलेला रीड बसवर तुकड्यांत होतो, एम० वर तर बाइट-बाइट करून. मधेच इंटरप्ट किंवा डीएमएने (प्रोसेसरला वगळून थेट मेमरीत लिहिणारं हार्डवेअर) नवी किंमत लिहिली, तर अर्धा जुना आणि अर्धा नवा फ्लोट हाती येतो. म्हणून इंटरप्टबरोबर वाटून घेतलेला डेटा पॅक्ड ठेवूच नये.

मेमकॉपी

‘फंक्शन कॉलचा खर्च’ ही भीती बहुधा फोल असते. आकार ४ असा स्थिर असेल आणि ऑप्टिमायझेशन चालू असेल, तर एम३, एम४ वर साधारणपणे एकच एलडीआर उरते. मात्र फ्रीस्टँडिंग किंवा नो-बिल्टिन पर्यायाने कंपाइल करत असाल तर खराखुरा कॉल होतो. डिसअसेंब्ली उघडून खात्री करा. उणीव एवढीच की ऑफसेट हाताने सांभाळावे लागतात.

बाइटक्रम यांपैकी कोणताच मार्ग सोडवत नाही. पलीकडचं यंत्र बिग-एंडियन (सर्वांत वजनदार बाइट आधी ठेवणारं) असेल तर चार बाइट्स शिफ्ट करून ३२ बिटी पूर्णांक बांधा आणि तो फ्लोटमध्ये मेमकॉपी करा. चाचणीसाठी १२३.४५६ पाठवा: हेक्समध्ये ४२ एफ६ ई९ ७९, चारही बाइट्स वेगळे, त्यामुळे कुठला कुठे गेला ते लगेच कळतं. १.० मध्ये दोन बाइट्स शून्य असतात. तो उलटा वाचला तर सुमारे ४.६ गुणिले १० चा उणे ४१ वा घात एवढा क्षुद्र आकडा येतो आणि स्क्रीनवर निव्वळ ०.०० दिसतं.

डबल पॅकेटमध्ये घालणं टाळा. एआरएमवर तो ८ बाइट्सचा, आठच्या अलाइनमेंटचा. ३२ बिटी एक्स८६ लिनक्सवर स्ट्रक्टमध्ये चारच्या. एव्हीआर जीसीसीमध्ये मुळातच ४ बाइट्सचा.

निवड

सीमेवर, म्हणजे लाइन, फ्लॅश किंवा दुसऱ्या प्रोसेसरशी बोलताना, मेमकॉपी. पॅकेटमध्ये वीस-पंचवीस फील्ड असतील तर पॅक्ड स्ट्रक्ट चालेल, पण आल्याआल्या साध्या स्ट्रक्टमध्ये उतरवून घ्या. आतला साधा स्ट्रक्ट मोठ्या सदस्यापासून लहानाकडे लावा: वरचा १२ बाइट्सचा ८ वर येतो. पॅकेटच्या आणि आतल्या साध्या, दोन्ही स्ट्रक्टवर साइझऑफ आणि ऑफसेटऑफचे स्टॅटिक असर्ट (कंपाइल होतानाच होणारी तपासणी) ठेवा, म्हणजे हरवलेला पॉप बिल्डमध्येच पकडला जाईल.

एम३ किंवा एम४ वर फॉल्ट आलाच तर ई०००ईडी२८ या हेक्स पत्त्यावरचं सीएफएसआर (फॉल्टचं कारण सांगणारं रजिस्टर) वाचा. बिट २४ लागलेला असेल तर अलाइनमेंटच. स्टॅकवर जतन झालेल्या फ्रेममध्ये ऑफसेट २४ वर पीसी (फॉल्टच्या वेळच्या सूचनेचा पत्ता) मिळतो, तिथली सूचना पाहा. फॉल्ट नाही, पण प्रिंटएफमध्ये फक्त फ्लोटच कचरा छापतोय? मग पॅकेट सोडा आणि टास्कच्या स्टॅकचा सुरुवातीचा पत्ता तपासा. तो आठच्या पटीत असावा लागतो.