प्रागची फूड-अँड-बिअर वॉकिंग टूर: पैसे कशाचे द्यायचे आणि कशाचे नाहीत

प्रागमध्ये ‘फूड अँड बिअर टूर’ या एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि बुकिंगच्या पानावर तिन्ही सारख्याच दिसतात. पहिली सहा-आठ जणांची, चार तासांची, चार-पाच ठिकाणी नीट बसून खाण्याची. माणशी शंभर युरोच्या आसपास. दुसरी मुख्यतः बिअरची, अडीच-तीन तासांची, खाणं फक्त चखण्यापुरतं. किंमत बरीच कमी. तिसरी रात्रीची, ‘तासभर अनलिमिटेड’वाली. तिसरीवर फार शब्द खर्च करायला नकोत. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्राग महापालिकेने एजन्सींनी रात्री १० ते सकाळी ६ या वेळात पब-क्रॉल, म्हणजे एका पबातून दुसऱ्या पबात पीत जाणाऱ्या टूर, काढण्यावर बंदीच घातली. कोणी आजही रात्री अकराची वेळ देत असेल तर पान तिथेच बंद करावं.

पैसे टाकायचे तर पहिल्या प्रकारावर. तिथेही एक गोष्ट पाहूनच: गाइड तुम्हाला नळाजवळ नेतो का? चेक बिअरची निम्मी करामत ब्रुअरीत आणि निम्मी पबातल्या नळावर होते. नळावरच्या माणसाला तिथे ‘व्हीचेप्नी’ म्हणतात आणि चांगल्या होस्पोदात, म्हणजे साध्या पबात, त्याचा मान आचाऱ्याइतकाच असतो. जी टूर इतिहास सांगत ग्लास हातात देते आणि पुढे चालू लागते, ती निम्मी टूर झाली.

नळाजवळ उभं राहून काय पाहायचं ते आधी ठाऊक असलेलं बरं. ग्लास आधी थंड पाण्याने विसळून ओलाच घेतला जातो, कारण कोरड्या काचेवर फेस फुटतो. मग साधारण ४५ अंशात तिरपा. नळाची मूठ वरून खाली नाही, बाजूला फिरते; आत बारीक जाळी असते, त्यामुळे मूठ अर्धवट उघडली की आधी दाट, ओला, सायीसारखा फेस येतो. तो तळाशी जमला की नळाचं तोंड फेसात बुडवून मूठ पूर्ण उघडायची आणि बिअर फेसाच्या खालून भरायची. एका दमात. वर तीन बोटं फेस राहतो, तो झाकणासारखा बसतो आणि बिअरला हवा लागू देत नाही. या भरण्याला ‘ह्लादिंका’ म्हणतात. आपल्याकडे फेस म्हणजे बारवाल्याची लबाडी, ही समजूत इथे खिशात ठेवावी. शंका असेलच तर ग्लासवरची ०.५ लिटरची रेघ बघा: फेस बसल्यावर बिअर तिथपर्यंत यायला हवी.

भरण्याचे आणखी दोन प्रकार आहेत. ‘श्निट’ म्हणजे त्याच अर्ध्या लिटरच्या मगात दोन भाग बिअर, तीन भाग फेस आणि एक भाग रिकामा. ‘म्लीको’ म्हणजे दूध: मगभर फेस, तळाशी जेमतेम बिअर, चव गोडसर, दोन-तीन घोटांत संपवायचं, रेंगाळलात तर हातात कडवट पाणी उरतं. चांगला गाइड एकच बिअर या तिन्ही प्रकारांत मागवून शेजारी-शेजारी ठेवतो. टूरमधली सगळ्यात शिकवून जाणारी दहा मिनिटं हीच, आणि नेमकी हीच बऱ्याच टूर गाळतात, कारण गर्दीच्या वेळी व्हीचेप्नी बारा जणांसाठी हे करत बसत नाही.

बिघडतं कुठे, तेही ग्लासच सांगतो. आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसले असतील तर काचेवर तेलकटपणा किंवा साबण राहिलाय. प्रत्येक घोटामागे फेसाचं एक कडं काचेवर उरत गेलं तर धुणं नीट आहे. आंबूस किंवा लोण्यासारखा वास आला तर बहुतेक वेळा दोष पाइपच्या सफाईचा असतो. गाइडला सांगून ग्लास बदलून घ्यावा. त्यात संकोच कसला?

आता अंक. पाटीवर ‘१०’, ‘११’, ‘१२’ लिहिलेलं असतं आणि बरेच जण ते अल्कोहोलचं प्रमाण समजून दचकतात. ते उकळलेल्या माल्टच्या रसातले विरघळलेले घटक आहेत: १२ म्हणजे १०० ग्रॅम रसात १२ ग्रॅम. पिल्झनर उर्क्वेल १२ ची असते आणि तिच्यात अल्कोहोल ४.४ टक्के. प्लझेन शहरात १८४२ मध्ये योसेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रुअरने ती पहिल्यांदा बनवली. तिथलं अतिशय मऊ पाणी, मोरावियाचं बार्ली आणि जाटेट्सचे हॉप्स, यांतून तो सोनेरी रंग आणि स्वच्छ कडवटपणा आला. ‘टँकवाली’ पाटी असेल तर आवर्जून थांबा. ती बिअर पाश्चराइझ केलेली नसते. मोठ्या टाकीत प्लास्टिकची पिशवी, पिशवीत बिअर, आणि बाहेरून हवेचा दाब, म्हणजे बिअरला हवा शिवतच नाही. टाकी उघडली की ती लवकर संपवावी लागते, म्हणून ती जिथे खप मोठा तिथेच परवडते. रिकाम्या पबातली टँक बिअर हा सौदा नव्हे.

बुकिंगआधी विचारायचा प्रश्न: ‘पाच टेस्टिंग’ म्हणजे किती मिली? अर्ध्या लिटरचे पाच ग्लास म्हणजे अडीच लिटर, त्यात ११० मिली शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडच्या ६५० मिलीच्या, ५ टक्केवाल्या जवळजवळ साडेतीन बाटल्या. तेच ०.३ लिटरचे असतील तर दोन बाटल्या. चार तासांत, दगडी फरसबंदीवर चालत, या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. तिसऱ्या थांब्यानंतर चव कळेनाशी होते आणि गाइड काय सांगतोय याकडे कोणाचंच लक्ष राहत नाही. ०.३ ला तिथे ‘मालेऽ पिवो’ म्हणतात. मागायला लाजू नये. न पिणाऱ्यांसाठी बिनअल्कोहोलची बिअर बहुतेक ठिकाणी मिळते, नाहीतर कोफोला आहेच, ती त्यांची वनौषधींच्या अर्काची कोलावजा चीज. गाडी भाड्याने घेतली असेल तर हॉटेलवरच ठेवा: चेक कायद्यात चालकाला मुभा शून्य आहे, ‘एकच ग्लास’ चालत नाही.

खाण्याकडे वळू. चखण्यात दोन हजेऱ्या हव्यातच. ‘उतोपेनेत्स’, अर्थ बुडालेला माणूस: व्हिनेगर आणि कांद्यात मुरवलेलं जाडजूड सॉसेज. आणि ‘नाक्लादानी हेर्मेलीन’: पांढऱ्या बुरशीचं मऊ चीज, आडवं कापून मध्ये लसूण, कांदा, लाल पाप्रिका भरतात आणि तमालपत्र घातलेल्या तेलात काही दिवस मुरवतात. लोणच्यासारखंच, मुरलेलं असेल तर मध्यभागी सुरी सहज जाते. कालचं असेल तर आत खडूसारखं पांढरं, भुसभुशीत लागतं. ‘ख्लेबीचेक’ म्हणजे पांढऱ्या लांबट पावाच्या चकतीवर बटाट्याचं सॅलड, वर हॅम, अंडं, काकडीचं लोणचं. हा ताजा असतानाच खाण्याचा पदार्थ आहे. टूर तो संध्याकाळी सहाला देत असेल तर पाव भिजून ओला झालेला असतो.

मुख्य जेवणात ‘स्विच्कोवा’: गोमांस, गाजर-सेलरीच्या कंदाचा सायीचा रस्सा, वर लिंबाची चकती, क्रॅनबेरी, आणि बाजूला क्नेडलिकचे काप. क्नेडलिक म्हणजे उकडलेल्या गव्हाच्या पिठाचा लांब गोळा. कापताना सुरीने न दाबता दोऱ्याने कापतात, म्हणजे जाळी मोडत नाही आणि रस्सा आत शिरतो. कडा चिवट, मधे गरम आणि बाजूला गार लागला तर तो मायक्रोवेव्हमधून आलाय. असे पदार्थ कामाच्या दिवशी दुपारी ११ ते २ च्या जेवणाच्या मेन्यूत सर्वांत ताजे मिळतात, कारण तेव्हा ऑफिसची गर्दी असते आणि भांडी भराभर रिकामी होतात. म्हणून टूर दुपारची घ्यावी. संध्याकाळच्या टूरचे फोटो छान येतात, एवढंच.

गोमांस न खाणाऱ्यांनी बुकिंग करतानाच लिहून कळवावं: स्विच्कोवा, बहुतेक ठिकाणचा गुलाश आणि टोस्टवरचं कच्चं ‘तातारक’ तिन्ही गोमांसाचे. ‘होव्येझी’ म्हणजे गोमांस, ‘वेप्रोवे’ म्हणजे डुकराचं. शाकाहारींची अडचण जास्त. ‘स्माझेनी सीर’, म्हणजे अंडं-ब्रेडक्रम्ब लावून तळलेलं चीज, सगळीकडे मिळतं, पण अंडं आहे. ‘ब्राम्बोराक’ बटाट्याच्या थालीपिठासारखा दिसतो, लसूण आणि मार्जोरमचा, पण बऱ्याचदा डुकराच्या चरबीत तळलेला, ‘सादलो?’ असं विचारावं. मेन्यूवर पदार्थाच्या शेजारी जे आकडे असतात ते किमती नव्हेत, अॅलर्जीचे आहेत: १ धान्यांतलं ग्लुटेन, ३ अंडं, ७ दूध, ९ सेलरी. अंडं न खाणाऱ्याने ३ शोधावा. मांस मात्र या आकड्यांत येत नाही, तेवढं लक्षात असू द्या. कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्यांनी ही टूर घेऊच नये. चौथ्या थांब्यापर्यंत पाव आणि बटाटेच खात बसावं लागेल.

टूर कच्ची आहे हे ओळखण्याच्या काही खुणा. थांब्यांमध्ये ‘ट्रदेल्निक’ असेल, ती दांड्यावर गुंडाळून भाजलेली, आइस्क्रीम भरलेली नळी, तर टूर पर्यटकांच्या रस्त्यावरून हलणारच नाही. त्या नावाने मान्यता असलेला जुना प्रकार स्लोव्हाकियातल्या स्कालित्साचा आहे, प्रागचा नाही. जुन्या चौकातल्या ठेल्यांवरच्या हॅमची किंमत १०० ग्रॅमची असते आणि तुकडा कापणारा हात सैल, म्हणून तिथे थांबणाऱ्या गाइडवरही शंका घ्या. गट दहाच्या पुढे असेल तर चांगल्या छोट्या होस्पोदात जागा मिळत नाही. हुसोवा रस्त्यावरच्या ‘ऊ झ्लातेहो तिग्रा’त, जिथे १९९४ मध्ये तेव्हाचे चेक अध्यक्ष हावेल यांनी अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटनना नेलं, दुपारी तीनला दार उघडतं आणि नेहमीची मंडळी टेबलं धरून बसतात. तिथे बारा जणांचा घोळका नेण्याचं वचन कोणी देत असेल तर तो दारातूनच आत डोकावायला लावणार. १४९९ पासून चालत आलेलं ‘ऊ फ्लेकू’ मोठं आहे, तिथे गट मावतात, आणि तिथली १३ ची काळी लागर चाखण्यासारखी आहे.

हिशेब असा. साध्या पबात अर्ध्या लिटरला साधारण ६०-७० कोरुना. पाच ग्लास, दोन चखणे, एक ख्लेबीचेक आणि एक स्विच्कोवा स्वतः खाल्लं तर हजार कोरुनांच्या आत-बाहेर, म्हणजे चाळीसेक युरो. उरलेले साठ युरो गाइड, आरक्षित टेबलं आणि भाषा यांचे. पहिल्यांदा जाणाऱ्याला ते महाग नाहीत. दुसऱ्यांदा जात असाल, तर द्लोउहा रस्त्यावर स्वतःच फिरा: ३९ नंबरच्या ‘नाशे मासो’ या मांसाच्या दुकानात उभ्याने खाणं, त्याच इमारतीच्या गल्लीत ‘सिस्टर्स’चे ख्लेबीचेक, आणि ३३ नंबरला ‘लोकाल’, जिथे टँकची पिल्झनर ह्लादिंका, श्निट, म्लीको अशी नाव घेऊन मागता येते. सगळं मिळून दोन-तीनशे पावलं.

एकटे गेलात तर पबातल्या दोन पद्धती. टेबलावर एक कागदाची पट्टी ठेवतात, दर ग्लासला वेटर तिच्यावर एक रेघ ओढतो. तेच तुमचं बिल. त्यावर काही लिहू नये, हरवू नये. ग्लास संपत आला की न विचारता दुसरा येतो, नको असेल तर आधीच सांगावं. पर्यटकांच्या मोठ्या हॉलमध्ये ट्रेमधून शॉट समोर ठेवला जाईल, तो फुकट नसतो. हात लावायच्या आधी ‘ने, जेकुयी’ म्हणावं. पैसे देताना ‘झाप्लातीमे’. टिप साधारण दहा टक्के धरून, पूर्ण आकडा तोंडी सांगून द्यायची; टेबलावर सुटे ठेवून उठायची पद्धत नाही. गाइडची टिप वेगळी.

आणि चौथ्या ग्लासनंतर ज्या दारावर ‘पानी’ लिहिलेलं दिसेल, तिथे पाणी मिळत नाही. ते पुरुषांचं स्वच्छतागृह आहे. पाण्याला ‘वोदा’ म्हणतात, आणि पबात ते बहुधा विकतच घ्यावं लागतं.