एकाच संकुलातील भिंत आणि आमचे 7,45,000 रुपये

गोव्यातील बारदेश तालुक्यातल्या आमच्या गावात भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर तीन पिढ्यांपासून आमचे मुंडकारी घर होते. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या संमतीने त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा. 2019 साली भाटकाराने ती जमीन बिल्डरला विकली आणि आम्हा पाच मुंडकार कुटुंबांना घरांच्या बदल्यात तेथील नव्या संकुलात प्रत्येकी 62 चौरस मीटरचा फ्लॅट देण्याचे ठरले. फ्लॅट बदल्यात असला तरी क्लब हाउस आणि जलतरण तलावासाठी 2,75,000, पार्किंगसाठी 3,50,000 आणि देखभाल निधीसाठी 1,20,000 असे एकूण 7,45,000 रुपये माझ्या निवृत्तीच्या पैशांतून गेले. पार्किंगची रक्कम रोख घेतली आणि तिची पावती आजतागायत मिळालेली नाही. पावती हातात पडल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

आज समोरच्या इमारतीत दिल्ली-मुंबईच्या लोकांचे सुट्टीतले फ्लॅट आहेत, तलाव आहे, मोठे फाटक आहे. आमची इमारत मागे आहे आणि दोन्हींच्या मध्ये सहा फुटांची भिंत आहे. आम्ही ये-जा करतो ती मागच्या पाणंदीने, जिथून कचऱ्याची गाडीही येते. माझा सात वर्षांचा नातू तलावाकडे गेला, तेव्हा रखवालदाराने त्याच्याकडे कार्ड मागितले आणि त्याला दंडाला धरून बाहेर आणून सोडले. ज्या जागी तो तलाव खोदला आहे, तिथे आमची तुळस होती.

करारावर सही करण्याचा दिवस मला विसरता येत नाही. परिशिष्टातील नकाशात दोन इमारतींच्या मधून एक तुटक रेघ गेली होती आणि समोरच्या भागावर ‘मर्यादित सामाईक क्षेत्र’, म्हणजे ठरावीक रहिवाशांपुरतीच सामाईक जागा, असे बारीक अक्षरांत छापले होते. मी त्या रेघेवर बोट ठेवून विचारले, “ही कसली?” बिल्डरचा माणूस म्हणाला, “बाई, ती सांडपाण्याच्या वाहिनीची आहे.” तीस वर्षे मुलांच्या वह्यांतील एकेक काना-मात्रा तपासलेली मी, त्या उत्तरावर बोट उचलले आणि सही केली. सासरे अंथरुणाला खिळलेले होते, भाडे सुरू होते, आणि भाटकाराने शब्द दिला की पुढे विचारायचे नाही, हीच आमच्या घरची रीत होती. म्हणून मी मूर्ख ठरत नाही; पण ती रेघ मी पाहिली होती, हे मला रात्री-अपरात्री आठवत राहते.

त्याच दिवशी मुंडकारी हक्क सोडल्याच्या कागदावरही सह्या घेतल्या. 1975 च्या कायद्याने मुंडकाराला घरातून काढण्यापासून संरक्षण आणि घर विकत घेण्याचा हक्क दिला आहे. ते एकमेव बळ आम्ही ताबा मिळण्याआधीच देऊन बसलो. फ्लॅटची किल्ली हातात येईपर्यंत हा कागद कोणालाही देऊ नका.

पुढे माहितीच्या अधिकारात मंजूर आराखडा मिळवला. त्यात ना रेघ होती, ना भिंत. फाटक एकच आणि आतला रस्ताही एकच होता. बिल्डरने मात्र दोन इमारतींची रेरामध्ये, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाकडे, दोन स्वतंत्र टप्पे म्हणून नोंदणी केली आणि तलाव पहिल्या टप्प्यात घातला. टप्पा हा कायद्याने स्वतंत्र प्रकल्प मानला जातो, याचा त्याने असा उपयोग केला. सही करण्याआधी करारातला नकाशा मंजूर आराखड्याशेजारी ठेवून पाहा आणि नोंदणी क्रमांक किती आहेत ते मोजा.

तक्रारीचे तर विचारूच नका. पहिल्या कार्यालयाने सांगितले की भिंत दुसऱ्या कार्यालयाच्या अखत्यारीत येते. दुसऱ्याने पाहणीचे आश्वासन देऊन चार महिने कोणालाही पाठवले नाही आणि नंतर पुन्हा पहिल्याकडे जाण्यास सांगितले. पोलीस ठाण्यात हवालदाराने अर्ज न वाचताच “हे दिवाणी प्रकरण आहे” असे म्हणून तो परत केला. तिसऱ्या ठिकाणी एका अधिकाऱ्याने मला तोंडावर विचारले की तुम्हाला फुकट घर मिळाले, आता तलाव कशाला हवा? घर फुकट नव्हते, ते आमच्या घराच्या बदल्यात होते, आणि तलावाचे 2,75,000 रुपये चेकने दिले होते. रेरा कायद्यात ज्याला सदनिका विकली तोच नव्हे, तर ज्याला ती वाटप झाली तोही ‘अलॉटी’ ठरतो. आणि मंजूर आराखड्यात असा बदल करायचा तर दोन तृतीयांश अलॉटींची लेखी संमती लागते. हे मला, एका निवृत्त शिक्षिकेला, त्या खुर्चीवरच्या माणसाला वाचून दाखवावे लागले. त्याने घड्याळाकडे पाहिले.

माझा भाचा इंग्लंडमध्ये स्विंडनला असतो. त्याने सांगितले की 2019 साली लंडनच्या एका संकुलात सामाजिक भाड्याच्या घरांतील मुलांना मैदानावर मज्जाव केला होता. बातमी छापून आल्यावर ओरड झाली आणि ते मैदान सर्व मुलांना खुले करावे लागले. आमच्याकडे पाचपैकी दोन कुटुंबांनी बिल्डरच्या भीतीने तक्रारीवरील सह्याच मागे घेतल्या.

गेल्या महिन्यात देखभालीचे बिल आले. त्यात तलावाच्या स्वच्छतेचे 640 रुपये आमच्याही नावावर लावले आहेत. ते मी भरलेले नाहीत. बिल मात्र जपून ठेवले आहे, कारण तलावात आमचाही वाटा आहे हे बिल्डरने स्वतःच्या शिक्क्यानिशी लिहून दिलेला तो पहिला कागद आहे.