ब्लेड की ड्रॉप-अवे? आधी स्ट्रिंग पाहा

बाण ज्यावर टेकवतो ती रेस्ट पातळ पत्र्याच्या ब्लेडची घ्यावी की बाण सुटताच खाली पडणारी ड्रॉप-अवे? तिरंदाजीत कंपाउंडवर, म्हणजे टोकांना चाकं (कॅम) असलेल्या धनुष्यावर, वर्ष-दोन वर्षं काढलेल्यांचा हा ठरलेला प्रश्न. मी दोन्ही रेस्ट वापरल्या आहेत. ड्रॉप-अवेवर जवळपास दोन हंगाम नेमबाजी केली, आता ब्लेडवर आहे. पण माझा निर्णय खरं तर रेस्टमुळे झालाच नाही, तो स्ट्रिंग (बाण लावून ओढायची दोरी) आणि केबल (कॅमना जोडणारी दोरी) यांच्यामुळे झाला.

ड्रॉप-अवेचं सुख मान्य करायलाच हवं. बाण सुटताच रेस्ट खाली जाते, व्हेनला, म्हणजे बाणाच्या मागच्या पिसांना, काही लागत नाही. हात थोडा हलला तरी बाण दोन दांड्यांच्या मधेच राहतो. ब्लेडवर तसं नाही. ओढताना झटका बसला किंवा ५० मीटरच्या उघड्या मैदानावर वारा सुटला, की बारीक बाण ब्लेडवरून घसरतो. पात्रता फेरीत ओढलेलं धनुष्य उतरवून पुन्हा ओढायला वेळ मिळतो, पण वैयक्तिक सामन्यात एका बाणाला २० सेकंदच असतात. तिथे तो घसरला तर पोटात गोळा येतो. ज्यांचं ओढणं अजून एकसारखं झालेलं नाही, त्यांना मी आजही ड्रॉप-अवेच सुचवेन.

मला त्रास झाला तो ड्रॉप-अवेला वर उचलणाऱ्या दोरीचा. माझ्या रेस्टची ही दोरी केबलला बांधायची होती. नवी स्ट्रिंग-केबल चढवली की पहिले काही दिवस ती ताणली जाऊन बसत जाते. पीप (स्ट्रिंगमधलं नेम धरायचं भोक) थोडा फिरतो, दोन्ही कॅम एकाच वेळी थांबत नाहीत. मग धनुष्य प्रेसमध्ये (ते दाबून दोऱ्या सैल करणाऱ्या यंत्रात) घालून केबलला अर्धा-एक पीळ द्यायचा. कॅम जुळतात, पण रेस्टच्या दोरीचा ताण बदललेला असतो. ती पुन्हा लावायची, पुन्हा कागदावर बाण मारून तो सरळ जातो का पाहायचं. एका एप्रिलमध्ये स्पर्धेच्या आठवडाभर आधी माझे बाण अधूनमधून वर जायला लागले. मी व्हेन बदलल्या, पकड तपासली, रिलीझवर (स्ट्रिंग सोडायच्या हातातल्या साधनावर) शंका घेतली. शेवटी रेस्टवर पावडर टाकून बाण सोडला, तर खालच्या व्हेनवर स्पष्ट डाग. दोरी जरा जास्त ताणून बांधली गेली होती आणि रेस्ट उशिरा खाली जात होती. फरक काही मिलिमीटरचा असेल, पण त्यापायी माझा आठवडा गेला.

लिंबला (धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्याला) बांधायच्या ड्रॉप-अवेत ही कटकट बरीच कमी असते, असं ती वापरणारे सांगतात आणि मला ते पटतं. तरी दोरी आणि गाठ आलीच.

ब्लेडला बांधायचं काहीच नाही. केबलला पीळ दिला तर नॉकिंग पॉइंट (स्ट्रिंगवर बाण अडकवायची जागा) आणि सेंटर (बाणाची डावी-उजवी जागा) तपासायचं, बस. मी ०.०१० इंच जाडीचं ब्लेड साधारण ३० अंशांवर लावतो. हलक्या बाणाला ०.००८ बरं पडतं, इनडोअरच्या जाड आणि जड बाणाला ०.०१२. तीनपैकी वेगळ्या रंगाची व्हेन सरळ वर ठेवली की खालच्या दोन व्हेनच्या मधून ब्लेड मोकळं राहतं. सेंटर मी रायझरपासून (धनुष्याच्या मधल्या दांड्यापासून) १३/१६ इंचावर धरून सुरू करतो, मग लांबून बाण मारत बारीक सरकवतो. ब्लेड वाकतं, कधी त्याला बारीक चीर जाते. म्हणून पेटीत दोन जादा हवीतच, आणि ती आधीच मारून पाहिलेली.

स्ट्रिंगच्या धाग्याचंही तसंच. एक्स-९९ आणि ४५२एक्स हे स्ट्रिंगच्या धाग्याचे दोन प्रकार. वेग हवा असेल तर एक्स-९९ उत्तम, टिकतेही चांगली. मी मात्र ४५२एक्सवर थांबलो. तिच्यात व्हेक्ट्रन या कमी ताणल्या जाणाऱ्या तंतूचं प्रमाण जास्त असल्याने ती उन्हात फारशी सैल होत नाही. विदर्भाच्या एप्रिलमध्ये सकाळी सात आणि दुपारी दोन ही दोन वेगळी हवामानं असतात. दोन्ही वेळा पीप डोळ्यासमोर सरळ यावा, एवढीच माझी अपेक्षा, आणि माझ्या धनुष्यावर ती ४५२एक्सने पूर्ण केली. बाणाचा थोडा वेग गेला, त्याचं मला काही वाटलं नाही. मात्र स्ट्रिंग कशी बांधली आहे, हे धाग्याच्या नावाहून महत्त्वाचं. नीट ताणून न बांधलेली कुठलीही स्ट्रिंग पीप फिरवणारच.

२०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत आपल्या नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम सामना १५०-१४९ असा जिंकला. एक गुण एवढा मोलाचा असताना मला दोरीवर शंका घेत रेषेवर उभं राहायचं नव्हतं. तुमचं ओढणं स्थिर असेल, तर माझा कल ब्लेडकडे.

ड्रॉप-अवेच घेणार असाल तर एक करा. दोरी केबलला जिथे बांधता, तिथे वर आणि खाली रंगीत धाग्याची खूण करून ठेवा, आणि प्रेसमधून धनुष्य काढल्यावर पहिला बाण पावडर लावूनच मारा.