सातबारा न बघता घेतलेलं स्पेनमधलं घर

मी मूळचा तासगाव तालुक्यातला. आमच्याकडे जमिनीचा विषय निघाला की पहिला प्रश्न सातबाऱ्याचा. नाव कुणाचं लागलंय, इतर हक्कात बोजा काय आहे, जिरायत की बागायत, एन.ए. झालंय का. माझे वडील चौथी शिकलेले, पण हे विचारल्याशिवाय त्यांनी कुणाला एक रुपया इसार दिला नाही. आणि मी मात्र २००४ साली दक्षिण स्पेनमध्ये १ लाख ६८ हजार युरोंचं घर घेताना यातलं काहीही विचारलं नाही. हे लिहायला मला वीस वर्षं लागली. आता लिहितोय, कारण इंग्लंडमधली आणि पुण्या-मुंबईतलीसुद्धा आपली माणसं हल्ली पोर्तुगाल, स्पेन, दुबईतल्या घरांची चौकशी करताना दिसतात, आणि त्यांच्या तोंडी जी वाक्यं येतात ती मी अगदी तशीच ऐकलेली आहेत.

१९७१ मध्ये मी इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीला आलो आणि मोटारींच्या कारखान्यात टूलरूममध्ये तेहेतीस वर्षं काढली. २००४ मध्ये लवकर निवृत्ती घेतली तेव्हा सत्तावन्न वर्षांचा होतो. त्या काळी आमच्या रस्त्यावरच्या प्रत्येक तिसऱ्या घरात स्पेनचं वेड होतं. मिडलँड्समधलं छोटंसं घर विकायचं, भूमध्य समुद्राकडे अंगण असलेला बंगला घ्यायचा, उरलेल्या पैशांवर पेन्शन सुरू होईपर्यंत निवांत राहायचं. तेव्हा एका पौंडाला जवळजवळ दीड युरो मिळत. ब्रिटिश पासपोर्टावर व्हिसा लागत नव्हता. अडीच तासांत विमानानं मुलांकडे परत येता यायचं. बायकोला मधुमेह आणि गुडघेदुखी, इंग्लंडच्या ओल्या थंडीत तिचे फार हाल व्हायचे. म्हणून गावी परत न जाता आम्ही उन्हाकडे निघालो.

बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलात प्रदर्शन होतं. तिथे जो एजंट भेटला तो आमच्याच भागातला इंग्रज. पुढे तो दोनदा आमच्या घरी जेवला, बायकोच्या हातची पुरणपोळी त्यानं मागून घेतली. स्पॅनिश लोकांशी व्यवहार करायची आम्हाला धास्ती वाटत होती, आणि हा आपल्या गावचा, आपल्या भाषेत बोलणारा माणूस मध्ये आहे म्हणून आम्ही निर्धास्त झालो. माझी खरी चूक इथे झाली. पुढचं सगळं त्यातून आलं.

घर बघायला नेलं ते जवळपास फुकट. विमान, हॉटेल, तीन दिवसांचं जेवण मिळून किरकोळ रक्कम. त्या तीन दिवसांत सकाळी नाश्त्यापासून रात्री झोपेपर्यंत त्यांचा माणूस आमच्याबरोबर असायचा. अल्मेरिया प्रांतात अल्मान्सोरा नदीचं खोरं आहे, अल्बोक्स, आर्बोलेआस, सुर्खेना अशी गावं. बदामाची झाडं, कोरड्या टेकड्या, लाल माती. मला आटपाडी-जतकडची आठवण आली आणि जीव रमला. पण गावच्या पालिकेत पाऊल टाकायची, आधीपासून राहणाऱ्या कुणाशी एकट्यानं बोलायची सवड त्यांनी आम्हाला मिळूच दिली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सांगितलं की याच प्लॉटवर एका जर्मन जोडप्याचा डोळा आहे. आम्ही ३ हजार युरो भरून प्लॉट राखून ठेवला.

वकील त्यांनीच दिला. ‘आमच्या नेहमीच्या वकीलबाई, इंग्रजी उत्तम बोलतात.’ आम्ही त्यांच्या नावे मुखत्यारपत्र करून दिलं. एजंटला बिल्डर पैसे देणार, वकीलबाईंना कामं एजंटकडून येणार, म्हणजे त्या टेबलाभोवती आमच्या बाजूचं एकही माणूस नव्हतं. सगळे इंग्रजीत बोलत होते म्हणून आम्हाला ते आपल्या बाजूचे वाटले.

घर बांधून व्हायचं होतं, पैसे हप्त्यांनी गेले. स्पेनमध्ये १९६८ पासून कायदा होता की बांधकामाआधी घेतलेल्या हप्त्यांना बँकेची हमी किंवा विमा हवा. आम्हाला ती हमी कुणी दिली नाही, आणि मागायची असते हे आम्हाला माहीतच नव्हतं.

ऑक्टोबर २००५ मध्ये नोटरीपुढे खरेदीखत झालं. त्यात किंमत लिहिली १ लाख १० हजार. उरलेले ५८ हजार रोखीनं. इथे सगळे असंच करतात, असं सांगितलं. आपल्याकडेही चेकचे आणि रोखीचे असे दोन भाग पडतात, म्हणून आम्हाला त्यात वावगं वाटलं नाही. ते चूकच होतं, आणि ती चूक आमची. पुढे नुकसानभरपाईसाठी दावा करायची वेळ आली तेव्हा वकिलानं पहिल्याच भेटीत सांगितलं की कागदावर जे आहे तेवढंच तुमचं गेलं, बाकीचे ५८ हजार तुम्ही कधी दिलेच नाहीत.

त्याच खरेदीखतात पहिल्या पानावर दोन शब्द होते: ‘रुस्तिका’ आणि ‘सेकानो’. शेतजमीन, कोरडवाहू. त्याखाली बदामाच्या झाडांचा उल्लेख. तासगावच्या माणसाच्या भाषेत सांगायचं तर जिरायत, बिगर एन.ए. ते पान माझ्या हातात होतं, त्यावर मी सही केली, आणि त्याचा अर्थ मला तीन वर्षांनी कळला.

ताबा मिळाला तेव्हा घरात वीज होती, पण ती बांधकामासाठी घेतलेली तात्पुरती जोडणी होती. बांधून झालेल्या घराला कायमचा मीटर मिळण्यासाठी पालिकेचा वापर परवाना लागतो, तो ‘सहा महिन्यांत येईल’ असं एजंट म्हणाला. तो आला नाही. २००७ च्या उन्हाळ्यात वीज तोडली. नळ कधी आलाच नव्हता, पाणी टँकरनं. ज्या टँकरची वाट बघत आमच्या पूर्व भागातली माणसं आयुष्य काढतात, त्याच टँकरची वाट मी युरोपात बघत बसलो. दिवसाला काही तास जनरेटर चालवायचा, कारण बायकोचं इन्सुलिन फ्रीजमध्ये ठेवावं लागे. ऑगस्टात तिकडे पारा चाळिशीला टेकतो. डिझेल संपलं त्या रात्री मी बर्फ आणायला शेजारच्या गावात गेलो होतो. ती रात्र मी विसरलेलो नाही.

मग ९ जानेवारी २००८ आला. आमच्यापासून फार दूर नसलेल्या वेरा गावात एका निवृत्त इंग्रज जोडप्याचं राहतं घर बुलडोझर लावून पाडलं. त्यांच्याकडे पालिकेचा बांधकाम परवाना होता. घर गेल्यावर ती दोघं उरलेल्या गॅरेजमध्ये राहू लागली. आमच्या खोऱ्यातल्या शेकडो घरांत त्या रात्री कुणी झोपलं नसेल. त्याच वर्षी आम्हालाही प्रादेशिक सरकारचं पत्र आलं.

घोळ असा होता. गावोगावच्या पालिका शेतजमिनीवर घरांना सर्रास परवाने देत सुटल्या होत्या. अल्मेरिया ज्यात येतो त्या आन्दालुसियाच्या प्रादेशिक सरकारनं २००२ मध्ये नगररचनेचा नवा कायदा केला आणि त्या कायद्याप्रमाणे हे परवाने चालत नव्हते. पालिका आणि सरकार एकमेकांशी भांडत बसले, आणि मधल्या काळात बिल्डर विकून मोकळे झाले. अशा बेकायदा बांधकामांची संख्या आन्दालुसियात तीन लाखांच्या आसपास असल्याचं सरकारी अंदाजच सांगत. यातली बरीच घरं स्पॅनिश लोकांचीही होती, पण अल्मान्सोराच्या खोऱ्यात ती मुख्यतः आमच्यासारख्या बाहेरून आलेल्या म्हाताऱ्यांची होती.

एजंटचं ऑफिस तोवर बंद झालं होतं. बिल्डरची कंपनी दिवाळखोरीत गेली. वकीलबाई म्हणाल्या, माझं काम फक्त खरेदीखतापुरतं होतं. २००८ च्या अखेरीस पौंड घसरत घसरत जवळजवळ युरोच्या बरोबरीला आला, म्हणजे आमचं उत्पन्न दुसऱ्या बाजूनंही एक तृतीयांशाच्या आसपास कापलं गेलं. घर विकता येईना, कारण बेकायदा घर घेणार कोण. कॉव्हेंट्रीचं घर आधीच विकलेलं. असे आम्ही अडकलो.

दुसरी फसवणूक २०१६ सालची. रकमेनं ती लहान, पण माझ्या लेखी जास्त वाईट, आणि तिच्याबद्दल लोक लाजेनं बोलत नाहीत. जूनमध्ये ब्रेक्झिटचं मतदान झालं होतं, पौंड पुन्हा पडला होता, इथे राहता येईल की नाही याच काळजीत सगळे. नोव्हेंबरात फोन आला. मालागाच्या वकिली फर्ममधून बोलतोय, तुमच्या एजंटची मालमत्ता कोर्टानं जप्त केली आहे, यादीत तुमचं नाव आहे, ६१ हजार युरो मिळणार. त्या माणसाला आमचा खरेदीखताचा नंबर, प्लॉटचा नंबर, आम्ही भरलेल्या हप्त्यांच्या तारखा माहीत होत्या. कागद आले, त्यावर शिक्के होते. मी कागदावरच्याच नंबरवर फोन करून खात्री केली. ती खात्री नव्हतीच, कारण चोराला चोराच्याच नंबरवर विचारलं होतं. कोर्टाची परत मिळणारी अनामत म्हणून ३,८५० युरो भरले. ते खातं कोर्टाचं नव्हतं, एका कंपनीचं होतं. दोन आठवड्यांनी पुन्हा फोन: आता रकमेवर २१ टक्के कर आधी भरा, १२ हजार ८१० युरो. तेव्हा माझ्या हातात तेवढे पैसे नव्हते, म्हणूनच मी वाचलो.

एकदा फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. दहा-बारा वर्षांनी कुणी आपणहून फोन करून तुमचे गेलेले पैसे परत देतो म्हणाला, तर तो तुमच्या जखमेची खबर काढून आलेला आहे. स्पेनमध्ये प्रत्येक वकिलाला बार संघटनेचा नोंदणी क्रमांक असतो आणि तो कुणालाही इंटरनेटवर तपासता येतो. पाच मिनिटांचं काम. आम्हाला फोन करणाऱ्याचं नाव तिथे नव्हतं. मी गार्डिया सिव्हिलच्या ठाण्यात तक्रार दिली, पैसे मिळाले नाहीत.

सप्टेंबर २०१९ मध्ये प्रादेशिक सरकारनं नवा वटहुकूम काढला. घर पूर्ण कायदेशीर होत नाही, पण ठरलेल्या मुदतीत पाडलं गेलं नसेल आणि सुरक्षित असेल तर त्याला मान्यता मिळते, पाणी-वीज घेता येते. आपल्याकडे २००१ चा गुंठेवारीचा कायदा आहे ना, सांगलीतल्या माणसाला वेगळं सांगायला नको, तसंच काहीसं. आर्किटेक्टचा अहवाल, सांडपाण्याची नवी टाकी, पालिकेची फी धरून आमचे साडेनऊ हजार युरो गेले. एप्रिल २०२२ मध्ये मीटर बसला. बायकोनं त्या मीटरला हळदीकुंकू वाहिलं.

आज आमच्या भोवतालची निम्मी इंग्रज घरं रिकामी झाली आहेत. जे २०२० संपायच्या आत इथे कायदेशीर राहत होते त्यांचे हक्क टिकले, पण नव्यानं येणाऱ्या ब्रिटिश माणसाला १८० दिवसांत ९० दिवसांपलीकडे राहायचं तर व्हिसा लागतो, आणि काम न करता राहायच्या व्हिसासाठी एकट्या माणसाला वर्षाला २८ हजार ८०० युरो उत्पन्न दाखवावं लागतं. आमच्या कारखान्यातल्या कुणाची पेन्शन तिथवर पोचत नाही. घर घेऊन परवाना मिळवायची सोय पोर्तुगालनं ऑक्टोबर २०२३ मध्ये आणि स्पेननं ३ एप्रिल २०२५ ला बंद केली. पोर्तुगालमध्ये परदेशी पेन्शनरांना २००९ पासून करात सूट होती, २०२० नंतर नव्यांना १० टक्के कर लागला आणि २०२४ पासून नव्यांसाठी ती योजनाच मिटली. मालागाच्या रस्त्यांवर, कॅनरी बेटांवर २०२४ मध्ये लोकांनी मोर्चे काढले, कारण भाडी त्यांना परवडत नाहीत. मला त्यांचा राग येत नाही. आम्ही स्वस्त म्हणून आलो, आणि आमच्यासारख्यांमुळेच ते त्यांना महाग झालं.

पण फसवणारे कमी झाले असं समजू नका. २००४ मध्ये ते म्हणायचे, ‘भाव वाढतायत, आजच घ्या.’ आता म्हणतात, ‘दार बंद होतंय, आजच घ्या.’ बंद झालेल्या योजना चालू आहेत म्हणून विकल्या जातात, घर घेतलं की व्हिसा मिळतोच असं छातीठोक सांगितलं जातं.

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याचा स्लाऊहून फोन आला. ‘मामा, पोर्तुगालला एक छान घर मिळतंय, एजंट आपलाच आहे, ठाण्याचा. वकीलही तोच देतो.’ मी त्याला एवढंच सांगितलं की पैसे राहू देत, आधी तीन कागद पाठव. त्या घराचा तिथल्या नोंदणी कार्यालयाचा उतारा. तो थोडक्या पैशांत इंटरनेटवर मिळतो, इथे स्पेनमध्ये दहा युरोंच्या आसपास पडतो. जमीन राहण्यासाठी आहे की शेतीची, याचा पालिकेचा दाखला. आणि घराचा वापर परवाना. हे तिन्ही एजंटकडून घेऊ नकोस, तू स्वतः शोधलेल्या, तू फी देतोस अशा वकिलाकडून माग.

‘मागतो, मामा,’ म्हणाला. एजंटनं त्याला पंधरा दिवसांची मुदत दिली होती, ती गेल्या शुक्रवारी संपली. कागद अजून आलेले नाहीत. त्यानंही पैसे भरलेले नाहीत, मी रोज संध्याकाळी फोन करून विचारतो.