यूएसबी लावताच व्होल्टेज पडतं? चार्जर बदलण्याआधी सेल तपासा

रात्रीच्या लाइटवर पाणी धरायचं म्हणून मराठवाड्यात हेडलाइट, बॅटरीचे दिवे आणि घरी जोडलेले छोटे सर्किट घरोघरी असतात. त्यातले बरेचसे १८६५० सेल (बोटाएवढी गोल लिथियम बॅटरी) आणि टीपी४०५६ चिपच्या चार्जिंग बोर्डावर चालतात. फसवणूक इथेच सुरू होते. यूएसबी लावली की दिवा मंद होतो किंवा बोर्ड रीसेट होतो, अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक जातं. दुकानदार म्हणतो, "चार्जर खराब आहे." नवा चार्जर घेतला तरी तेच. मग केबल, मग नवा बोर्ड. खोट्या सेलचं नाव मात्र निघत नाही, कारण तो त्याच दुकानातून गेलेला असतो.

सेलवर ९९०० एमएएच (मिलीअँपिअर-तास, म्हणजे क्षमतेचं माप) लिहिलं असेल तर तो खोटा, यात शंकाच नको. या मापाच्या चांगल्या सेलची क्षमता साधारण २००० ते ३५०० एमएएच असते. आधी सोनाराच्या किंवा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा. चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. ३० ग्रॅमच्या आत भरला तर आत माल नाही. पण वजन बरोबर आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधले थकलेले सेल नवं प्लास्टिक चढवून विकतात, आणि ते वजनात पास होतात.

त्यांना लोड, म्हणजे करंट खेचणारं काहीतरी, लावूनच पकडावं लागतं. सेल पूर्ण चार्ज करा, ३.९ ओहमचा १० वॅटचा रेझिस्टर लावा, म्हणजे साधारण १ अँपिअर करंट वाहतो. रेझिस्टर तापतो, हात लावू नका. दहा सेकंदांनी सेलच्या टोकांवरच मल्टिमीटर धरा. लोड लावण्याआधीपेक्षा ०.१ व्होल्टच्या आसपास उतरलं तर सेल ठीक. अर्धा व्होल्ट उतरलं तर आतला रेझिस्टन्स अर्ध्या ओहमच्या घरात गेलाय, तो सेल परत करा. हाच लोड ३.० व्होल्टपर्यंत चालू ठेवला तर २००० एमएएचचा सेल दोन तासांहून थोडा जास्त टिकतो. ९९०० खरं असतं तर दहा तास टिकला असता.

आता यूएसबीचं. सेल २.९ व्होल्टच्या खाली गेला असेल तर टीपी४०५६ त्याला सुरुवातीला फक्त १३० मिलीअँपिअरच देतो. त्याच वेळी बॅटरीवर ३०० मिलीअँपिअरचा दिवा चालू असेल, तर लाल लाइट पेटलेली दिसते आणि सेल उतरतच राहतो. दिवा बंद करून चार्ज करा. चार्जरचा यात काही दोष नाही.

दुसरं कारण वायरिंगमधलं. यूएसबी लावल्यावर लोड बॅटरीवरून यूएसबीवर जावा म्हणून साधा १एन४००७ डायोड टाकलेला असतो. तिथे ०.७ ते ०.९ व्होल्ट जातात, बारीक केबलमध्ये अर्धा व्होल्ट. पाचातून उरले ३.६ ते ३.८, आणि भरलेली बॅटरी तर चारच्या वर होती! म्हणजे यूएसबी लावल्यानेच व्होल्टेज पडलं. त्याऐवजी कमी व्होल्टेज खाणारा एसएस३४ हा शॉटकी डायोड टाका, बॅटरीच्या वाटेत एओ३४०१ मॉसफेट (स्विचसारखा चालणारा ट्रान्झिस्टर): ड्रेन बॅटरीला, सोर्स लोडला, गेट यूएसबीच्या ५ व्होल्टला आणि गेटपासून ग्राउंडला १०० किलोओहम. क्षणभराच्या रीसेटसाठी लोडवर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्या.

केबल तपासायची तर चार्जिंग चालू असताना अॅडॉप्टरवर आणि बोर्डाच्या इनपुटवर व्होल्टेज मोजा; दोन्हीतला फरक केबल खाते. टोक खरवडून आत पांढरी धातू दिसली तर सहसा तांबं चढवलेलं अॅल्युमिनियम असतं. टाइप-सी बोर्ड सी-टू-सी केबलवर चार्जच होत नसेल तर त्यावर ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर टाकलेलेच नाहीत, हीसुद्धा बचतीची चलाखी.

बोर्ड घेताना आउट प्लस, आउट मायनस लिहिलेला घ्या. फक्त बी प्लस, बी मायनस (बॅटरीची टोकं) असेल तर सेल जास्त उतरण्यापासून वाचवणारा भाग त्यावर नसतो. आमच्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या पेटीत हा बोर्ड ठेवू नका. १ अँपिअरवर तो स्वतःच सव्वा वॅट उष्णता सोडतो. फुगलेला किंवा २.५ व्होल्टच्या खाली पडलेला सेल पुन्हा चार्ज करू नका.

बिल घ्या आणि त्यावर क्षमता लिहून घ्या. सेलवरचा बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर-नंबर बीआयएस केअर अॅपवर तपासा. दुकानदार बदलून देत नसेल तर बिल, काट्यावरच्या वजनाचा आणि मल्टिमीटरच्या रीडिंगचा फोटो ठेवून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.