शेडमधला अमोनिया: हवा खेळवावी, गादी सुधारावी की खाद्य बदलावे?

कोंबड्यांच्या शेडमध्ये अमोनियाचा दर्प वाढू लागला की कुक्कुटपालकासमोर तीन वाटा असतात: पंखे व पडद्यांनी हवा खेळती ठेवणे, गादीवर म्हणजे जमिनीवर अंथरलेल्या भुशाच्या थरावर (लिटरवर) तुरटीसारखा आम्लधर्मी पदार्थ पसरणे, किंवा खाद्यातील प्रथिने कमी करणे. विष्ठेतील युरिक आम्लाचे जिवाणू विघटन करतात आणि त्यातून अमोनिया सुटतो. ओलावा, उष्णता आणि ७ च्या वरचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) मिळाला की ही क्रिया जोर धरते.

सर्वांत लवकर गुण येतो तो हवेने. अमोनिया दशलक्षात २५ भागांच्या वर जाऊ नये असे सामान्यतः मानले जाते. युरोपीय संघाने दाट संख्येने पाळल्या जाणाऱ्या मांसल कोंबड्यांसाठी २० ची मर्यादा घातली असून ती पक्ष्याच्या डोक्याच्या उंचीवर मोजायची असते. हा तपशील फार मोलाचा आहे, कारण उभ्या माणसाचे नाक दर्पाला सरावते, पण खाली बसून पाहिले तर पाणावलेले, अर्धवट मिटलेले डोळे दिसतात. श्वासनलिकेतील सूक्ष्म केसांना इजा झाली की श्वसनाचे रोग सहज शिरकाव करतात. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसल्याने उन्हाळ्यात वेगवान हवा उष्णतेचा ताणही हलका करते, आणि हे काम उरलेल्या दोन उपायांना जमत नाही. उणीव अशी की वायू शेडबाहेर जातो, त्याची निर्मिती मात्र थांबत नाही. शिवाय थंडीत ऊब राखण्यासाठी पडदे पाडावेसे वाटतात, आणि नेमका तेव्हाच कोंडमारा होतो.

तुरटीने गादीचा सामू उतरतो, अमोनिया अमोनियमच्या रूपात तिथेच बांधला जातो आणि नत्र खतात टिकतो. पिल्ले येण्यापूर्वी ती पसरली तर त्यांचे नाजूक पहिले आठवडे सुखाचे जातात. पुढे विष्ठा साचत गेली की परिणाम ओसरतो. तुरटीऐवजी चुना टाकण्याची चूक मात्र करू नये, कारण त्याने सामू वाढून वायू उलट अधिक सुटतो.

खाद्याचा उपाय मुळाशी जातो. प्रथिनांचे प्रमाण एका टक्क्याने उतरवले तर अमोनियाचे उत्सर्जन ढोबळमानाने १० टक्क्यांनी घटते, मात्र लायसिन, मेथिओनिन आणि थ्रिओनिन या अमिनो आम्लांची भरपाई केली नाही तर वाढ आणि पिसे दोन्ही खालावतात. म्हणून आहारतज्ज्ञाशिवाय या वाटेला जाऊ नये, आणि पक्षी उष्णतेने किंवा रोगाने ताणाखाली असताना तर नकोच.

गोठ्यात गोष्ट थोडी निराळी आहे: तिथे मूत्रातील युरिया आणि शेणातील युरिएज विकर एकत्र आले की अमोनिया तयार होतो, त्यामुळे उताराची जमीन करून मूत्र चटकन वेगळे काढणे हा तिथला पहिला उपाय ठरतो.

कोंबड्यांचे डोळे आजच पाणावत असतील तर विचार न करता आधी हवा वाढवावी. तसा त्रास नसेल, तर पैसा खर्चण्याआधी गादी मुठीत दाबून पाहावी: मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओलावा जास्त आहे, आणि तशा गादीवर तुरटीचाही फारसा उपयोग होत नाही. अशा वेळी पक्षी ज्यातून पाणी पितात ते गळके निपल बदलणे, पाण्याच्या नळीची उंची पक्ष्यांच्या वाढीप्रमाणे वर घेणे आणि चिखल झालेले थर काढून कोरडा भुसा घालणे, हीच कामे मी तिन्ही उपायांच्या आधी करेन.