स्वतः बांधलेली लाइव्ह डिस्ट्रो, नेटवर्कच्या पहाऱ्यावर नऊ महिने

गेले नऊ महिने मी एकाच कामासाठी एक लाइव्ह लिनक्स, म्हणजे डिस्कवर न बसवता थेट पेनड्राइव्हवरून चालणारी सिस्टिम, वापरते आहे. पेनड्राइव्ह लावायचा, हाताशी असेल ती मशीन त्यावरून बूट करायची, स्विचच्या मिरर पोर्टला (जिथे बाकीच्या पोर्टवरच्या वाहतुकीची प्रत मिळते) केबल जोडायची आणि नेटवर्कवर काय चाललंय ते बघायचं. डेबियन या लिनक्सच्या लाइव्ह-बिल्ड साधनानं ही डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सची आपली आवृत्ती, मीच बांधली आणि तीन आवृत्त्या इतरांनाही वापरायला दिल्या. त्यामुळे हा अनुभव दोन्हीकडचा आहे, बांधणारीचा आणि वापरणारीचा.

तयार पर्याय सोडून स्वतः कशाला बांधायची, हे आधी सांगते. नेटवर्कवर पहारा ठेवायच्या तयार लिनक्समध्ये सिक्युरिटी अनियन हे मोठं नाव. डग बर्क्स यांनी ते २००८ साली सुरू केलं. त्याच्या झुबुंटू या लिनक्सवर उभ्या असलेल्या जुन्या आवृत्त्या लाइव्ह चालायच्या. आता मात्र तो डिस्कवर बसवायचा, भरपूर रॅम मागणारा पूर्ण मंच झाला आहे. कायमच्या देखरेखीसाठी आजही मी तोच सुचवेन. मला हवं होतं ते छोटं: कोणाच्याही मशीनच्या डिस्कला हात न लावता दोन-चार दिवस ऐकणारं.

पहिली आवृत्ती एका शनिवार-रविवारात उभी राहिली, आणि याचं श्रेय लाइव्ह-बिल्डला. पॅकेजांची यादी एका फाइलमध्ये, आपल्या कॉन्फिग फाइल्स एका फोल्डरमध्ये, बाकीची कामं हुक स्क्रिप्टमध्ये, म्हणजे बांधताना आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये. मग ‘एलबी बिल्ड’ द्यायचं आणि थांबायचं. नियमांशी ताडून संशयास्पद वाहतुकीचे अलर्ट देणारा सुरिकाटा डेबियनच्या भांडारातून आला, प्रत्येक कनेक्शनची नोंद ठेवणाऱ्या झीकसाठी त्यांचं स्वतःचं भांडार जोडलं. सोबत पॅकेट पकडणारा टीसीपीडंप आणि लॉग बघायला एक साधं वेब पान. आयएसओ (बूट होणारी प्रतिमा-फाइल) तयार, बूट झाली, अलर्ट दिसले. मी खूश.

खरा प्रश्न पहिल्याच प्रत्यक्ष कामात उभा राहिला. लाइव्ह सिस्टिममध्ये मूळ प्रतिमा फक्त वाचता येते. जे काही लिहिलं जातं ते वरच्या थरात, म्हणजे रॅममध्ये जातं. हा थर नेहमीच्या सेटिंगमध्ये रॅमच्या निम्म्यापर्यंत वाढतो. मशीनला ८ जीबी रॅम, म्हणजे जागा ४ जीबी. मी पूर्ण पॅकेट साठवायला लावली होती आणि लाइन १०० मेगाबिटनं भरून वाहत होती. सेकंदाला साडेबारा एमबी. हिशेब केला तर साडेपाच मिनिटंसुद्धा होत नाहीत, आणि झालंही तसंच. पुढच्या वेळी पॅकेट बंद ठेवून फक्त लॉग घेतले. ते रात्रभर टिकले, आणि सकाळी सफाईसाठी कोणीतरी प्लग काढला. सगळं गेलं.

लाइव्ह डिस्ट्रोचा गुण म्हणजे ती सगळं विसरते, आणि पहाऱ्याचं सगळं मोल आठवणीत असतं. पुढचे सगळे महिने मी याच ओढाताणीवर काम करत होते असं म्हटलं तरी चालेल.

डेबियनमध्ये यावर पर्सिस्टन्सची, म्हणजे बंद केल्यावरही फाइल्स टिकवायची, सोय आहे. ‘पर्सिस्टन्स’ हेच लेबल असलेलं पार्टिशन, त्यात काय टिकवायचं ते सांगणारी छोटी कॉन्फिग फाइल आणि बूट करताना तोच शब्द. मी सुरुवातीला आळस केला आणि अख्खी रूट, म्हणजे पूर्ण सिस्टिमच, टिकवायला सांगितली. नवी आयएसओ आली तेव्हा खालचा थर नवा आणि वर जुन्या फाइल्स बसलेल्या, अशी खिचडी झाली. सुरिकाटा उठेचना. आता दोनच जागा टिकवते: लॉगची, आणि सुरिकाटाच्या नियमांची. त्याही बाहेरच्या एसएसडीवर. सततच्या लिखाणानं एक पेनड्राइव्ह कामातून गेला, तेव्हापासून पेनड्राइव्हवर काहीही लिहायचं नाही हा नियमच केला.

दुसरी गोष्ट, जी मला वाटतं प्रत्येकानं पहिल्या दिवशी तपासावी, ती नेटवर्क कार्डाची. कार्ड आणि कर्नल मिळून लहान पॅकेट एकत्र करून वर देतात, म्हणजे प्रोसेसरचं काम हलकं होतं. रोजच्या वापरात हे चांगलंच आहे. पण पहारेकऱ्याला तारेवरचं खरं पॅकेट हवं असतं, जोडून दिलेलं नाही. वर चेकसम (पॅकेट शाबूत आहे का ते तपासायचा आकडा) चुकीचा दिसला की झीक ते पॅकेट सोडून देतो. मी आठवडाभर अर्धवट कनेक्शन बघत मिरर पोर्टला दोष देत होते. आता बूट होतानाच ईथटूल या कमांडनं पॅकेट जोडणाऱ्या जीआरओ, एलआरओ आणि मंडळी सोयी बंद होतात. त्याच स्क्रिप्टमध्ये ऐकणाऱ्या कार्डावरचं आयपीव्ही६ आणि डीएचसीपीही (आपोआप पत्ता मागणं) बंद केलं, कारण ऐकणाऱ्यानं तारेवर एक अवाक्षरही काढू नये.

त्या कार्डाला पत्ता नाही म्हटल्यावर घड्याळ जुळवायलाही वाट नाही. एका मशीनचं घड्याळ स्थानिक वेळेवर होतं, माझी प्रतिमा ते यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, समजली आणि फायरवॉलच्या नोंदींशी काही तासांचा फरक पडला. घटनाक्रम लावताना हे किती छळतं ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. आता वेगळ्या कार्डावरून वेळ जुळल्याशिवाय कॅप्चर सुरू होत नाही.

इतरांना द्यायची म्हटल्यावर जबाबदारी वेगळीच येते. दुसरी आवृत्ती मी मागे घेतली. वेब पानासाठीची खासगी किल्ली माझ्या हुकमध्ये, म्हणजे बांधतानाच तयार होत होती. म्हणजे प्रत्येक प्रतीत तीच किल्ली. एसएसएचच्या (दुरून लॉगिन करायच्या सेवेच्या) किल्ल्या आणि मशीनची ओळख असलेला मशीन-आयडी लाइव्ह-बिल्डचे हुक पुसून टाकतात, पण आपण घातलेलं आपणच पुसायचं असतं. वापरणाऱ्या सगळ्यांना कळवलं, आता किल्ली पहिल्या बूटला बनते. परवान्यांचंही तसंच. सुरिकाटासाठीचे ईटी ओपनचे मोफत नियम सोबत देता आले. आयपी पत्ता कोणत्या ठिकाणचा ते सांगणारा मॅक्समाइंडचा जिओलाइट२ मात्र डिसेंबर २०१९ पासून खातं उघडल्याशिवाय उतरवता येत नाही, म्हणून तो प्रतिमेतून काढला. जीपीएल परवान्याखालच्या सॉफ्टवेअरचा सोर्सही सोबत ठेवते. आयएसओवर सही करायची किल्ली बांधणाऱ्या मशीनवर ठेवत नाही.

आणि नियम शिळे होतात. ईटी ओपन जवळपास रोज बदलतो, आयएसओ मात्र बांधली त्या दिवशीच गोठते. दोन महिन्यांची जुनी प्रतिमा नवे नियम न घेता चालवणं म्हणजे फुकटचा दिलासा.

एवढं करून हाती काय लागलं? माझ्यापुरतं तरी सुरिकाटाच्या अलर्टपेक्षा झीकच्या साध्या नोंदींनी जास्त दिलं. एके ठिकाणी कॅमेऱ्यांचा जुना रेकॉर्डर दिवसरात्र, ठरावीक अंतरानं एकच नाव डीएनएसला (नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या सेवेला) विचारत होता. अलर्ट एकही नाही. डीएनएसच्या लॉगमध्ये ती ओळ इतक्या नेमानं येत होती की नजर अडकलीच. तो रेकॉर्डर त्या जाळ्यात आहे हे तिथल्या कोणालाच आठवत नव्हतं. प्रमाणपत्रांच्या लॉगवर मात्र आता फार विसंबू नका. टीएलएस १.३ या वेबवरच्या कूटबद्ध संवादाच्या नव्या आवृत्तीत सर्व्हरचं प्रमाणपत्रही कूटबद्ध होऊन येतं, त्यामुळे तो लॉग रोडावत चालला आहे.

सध्या पुढची आवृत्ती डेबियन १३ वर बांधते आहे. त्यात एक बदल सगळ्यात आधी केला: बाहेरची डिस्क सापडली नाही तर कॅप्चर आपोआप सुरू होत नाही, त्यासाठी नोंदी टिकणार नाहीत हे मान्य असल्याचं स्क्रीनवर स्वतः टाइप करावं लागतं. चाचणी करणाऱ्या दोघांना हे जाचक वाटलं. मी ते काढणार नाहीये.